स्पर्धेला साठ फोटो, बैठकीला सहा माणसं: तालुक्याचा फोटोग्राफी क्लब कसा टिकवावा?

भाऊ, तुमचं म्हणणं मला कळलं ते असं. दारव्हा तालुक्यात तुम्ही दोन वर्षांपूर्वी फोटोग्राफी क्लब काढला. व्हॉट्सॲप ग्रुपवर चाळीस नावं आहेत, पण महिन्याच्या शेवटच्या रविवारी बैठकीला पाच-सहा जण जमतात. वार्षिक स्पर्धेला मात्र साठ फोटो आले. पहिला नंबर ताडोब्याच्या वाघाला गेला आणि कुरबूर सुरू झाली. आता ग्रुपवर तीन उपाय फिरताहेत: बक्षीस वाढवा, नागपूरचा मोठा फोटोग्राफर व्याख्यानाला आणा, संस्था रजिस्टर करा. यातलं आधी काय करू, असा तुमचा प्रश्न आहे.

माझं मत विचाराल तर आत्ता यातलं काहीच करू नका. तुम्ही एवढं सविस्तर लिहिलं, पण बैठकीत नेमकं होतं काय, ते कुठेच आलं नाही. माझा अंदाज सांगतो. आधी अर्धा तास बाकीच्यांची वाट बघणं. मग पुढच्या सहलीचा विषय, मग कोणी नवीन लेन्स घेतली तिची हाताळणी, चहा, एक ग्रुप फोटो, आणि पांगापांग. स्पर्धेला साठ फोटो येतात ते बक्षिसाच्या लोभाने येतात असं मला वाटत नाही. आपला फोटो कोणीतरी नीट बघेल, एवढी खात्री तिथे असते. बैठकीत ती नसते. माणसं जिथे त्यांचा फोटो बघितला जातो तिथे जातात, साधी गोष्ट आहे. बक्षीस दुप्पट केलंत तर साठाचे शंभर फोटो येतील आणि बैठकीला तेच सहा जण राहतील.

मी झाडीपट्टीतला, ब्रह्मपुरी-नागभीडच्या बाजूचा. पोटापाण्याला स्टुडिओ आहे आणि गावातला क्लब बरीच वर्षं सांभाळतो आहे. तुमचा भाग वऱ्हाडी, कापसाचा, आमचा धानाचा. त्यामुळे माझं सगळं जसंच्या तसं उचलू नका. काही गोष्टी तुमच्या सभासदांवर अवलंबून आहेत.

चाळीसमध्ये स्टुडिओवाले किती आणि हौशी किती, हे आधी मोजा. तालुक्याच्या गावात लग्नाचे फोटो काढणारेच जास्त असतात. तुळशीचं लग्न लागलं की ते सापडत नाहीत ते थेट मिरगापर्यंत, आणि रविवार तर हमखास कुणाच्या तरी मांडवात. चातुर्मासात ते मोकळे होतात, पण तेव्हा शेतकरी सभासद वावरात असतो. आमच्याकडे आषाढ-श्रावणात रोवणा म्हणजे धानाची लावणी चालते, तुमच्याकडे पऱ्हाटीचं म्हणजे कपाशीचं निंदण-डवरण, आणि दिवाळीच्या आगेमागे वेचणी सुरू झाली की माणूस हाती लागत नाही. म्हणजे 'शेवटचा रविवार' ही तारीख ना या गटाची, ना त्या. आम्ही लग्नसराईत कामाच्या दिवशी सकाळी भेटतो आणि पावसाळ्यात संध्याकाळी. आठवडी बाजाराचा दिवस टाळतो, कारण त्या दिवशी स्टुडिओत पासपोर्ट फोटोंची रांग असते. मे महिन्यात सकाळी सातच्या पुढे बैठक ठेवायची नाही, हे विदर्भात कोणाला सांगावं लागत नाही. रात्री आठची वेळ ठेवली तर बायका येणार नाहीत. मग 'आमच्याकडे महिला सभासद आहेत' हे फक्त यादीत राहतं.

एक काळ दोन्ही गटांना बरा पडतो. रोवणा-निंदण आटोपल्यापासून वेचणी-कापणी लागेपर्यंतचा, म्हणजे साधारण ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबर अखेरपर्यंतचा. जागतिक छायाचित्रण दिन 19 ऑगस्टला याच काळात पडतो. 1839 साली त्या तारखेला पॅरिसमध्ये डागेर या फ्रेंच माणसाच्या फोटो काढण्याच्या पद्धतीची माहिती जगापुढे जाहीर झाली, म्हणून तो दिवस. बऱ्याच तालुक्यांत त्या दिवशी फोटोग्राफर असोसिएशन कॅमेऱ्याची पूजा, सत्कार आणि रक्तदान करते. ते करावं, पण स्पर्धाही त्याच आठवड्यात घ्या. तुमची स्पर्धा जानेवारीत झाली असेल, तर निम्मे स्टुडिओवाले तेव्हा कामात होते.

आता बैठक. आमचा नियम एवढाच: येताना एक प्रिंट आणायची. 8 बाय 12 इंचाची, लॅबमधून काढलेली, जुनी-नवी कुठलीही. फोनवर फोटो दाखवायला लागलं की बघणारा बोटाने पुढे ढकलतो. प्रोजेक्टर लावला तर दिवसाच्या उजेडात सभागृहात सावल्या धुऊन निघतात आणि फोटो मुळात कसा होता तेच कळत नाही. प्रिंट टेबलावर ठेवली की पाच माणसं तिच्यावर वाकतात. प्रिंटला पैसे पडतात म्हणून कोणी कुरकुरलं, तर चहा-नाश्त्याचा खर्च बंद करून तो तिकडे वळवा.

प्रिंटच्या बाबतीत दोन-तीन व्यवहाराच्या गोष्टी. 300 डीपीआयने, म्हणजे इंचाला 300 ठिपके धरून, 8 बाय 12 ला 2400 बाय 3600 पिक्सेल लागतात, म्हणजे साडेआठ मेगापिक्सेलच्या आसपास. आजचा बरा फोन ते सहज देतो, तेव्हा 'माझ्याकडे कॅमेरा नाही' हे कारण उरत नाही. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आलेली फाइल मात्र लॅबला देऊ नका, ती दाबून लहान केलेली असते. पाठवायचीच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोनचा फोटो बहुधा 4:3 मापाचा असतो आणि 8 बाय 12 म्हणजे 3:2. आडवा फोटो असेल तर लॅबवाला न विचारता वरखालून कापतो आणि नेमकं बैलाचं शिंग किंवा माणसाचा फेटा जातो. 'कापू नको, कडेला पांढरी पट्टी राहू दे' असं त्याला एकदाच बजावून ठेवा.

प्रिंट टेबलावर आली की पहिल्या फेरीत ज्याने-त्याने आपला डोळा आधी कुठे गेला तेवढंच सांगायचं. बरं-वाईट काही नाही. फोटो कोणाचा ते सगळ्यांना ठाऊक असतं, पण काढणाऱ्याने शेवटपर्यंत तोंड उघडायचं नाही. तो बोलायला लागला की फोटो बाजूला राहतो आणि तो काढताना किती चिखल तुडवला याची कहाणी सुरू होते.

एका पावसाळ्यात आमच्या एका सभासदाने रोवण्याचा फोटो आणला. ते एसटीत कंडक्टर आहेत. बांधीत सात-आठ बाया ओणव्या, डोक्यावर पिवळ्या-निळ्या प्लॅस्टिकच्या खोळी, मागे काळेभोर ढग. ढग खरोखर देखणे होते आणि त्यांच्यासाठीच त्यांनी गाडीवरून उतरून फोटो काढला होता. फेरी सुरू झाली तर जवळजवळ सगळ्यांचा डोळा डाव्या कोपऱ्यात गेला. तिथे युरियाचं रिकामं पांढरं पोतं पडलं होतं. कंडक्टर साहेबांना ते तोवर दिसलंच नव्हतं. मग आम्ही पुठ्ठ्याचे दोन एल आकाराचे तुकडे प्रिंटवर ठेवून चौकट लहान-मोठी करून बघायला लागलो. हे तुकडे करून ठेवाच, जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याचे चालतात. पोतं झाकलं, थोडे ढगही झाकले, तेव्हा ओळीतली तिसरी बाई दिसली. बाकीच्या सगळ्या खाली बघताहेत, हिने रोप हातात धरून मान वळवली आहे. कॅमेऱ्याकडे नाही, धुऱ्याकडे, म्हणजे शेताच्या बांधाकडे. आणि धुऱ्यावर, फोटोच्या अगदी कडेला, एका लेकराचे दोन पाय आहेत. काढणाऱ्याच्या लेखी तो ढगांचा फोटो होता, आणि टेबलाभोवती उभे असलेले सगळे आता त्या बाईबद्दल बोलत होते. पुढच्या रोवण्याला कंडक्टर साहेब रस्त्यावरून फोटो काढायला थांबलेच नाहीत, बूट काढून धुऱ्याच्या बाजूला जाऊन उभे राहिले.

अशा एका प्रिंटला दहा मिनिटं सहज लागतात. आता तुमच्या सहा माणसांचा हिशेब करा: सहा प्रिंट, एक तास. चाळीस जण आले असते तर हे जमलंच नसतं. तेव्हा उपस्थितीचं दुःख करू नका. सहाच्या बैठकीत कामाचं काही घडलं तर दहा-बारा होतील, आणि तालुक्याच्या क्लबला तेवढे भरपूर.

स्टुडिओवाल्यांबाबत थोडं सांभाळून. चार लोकांत फोटोला नावं ठेवलेली त्याला परवडत नाही. समोरच्या दुकानाचा मालक तिथेच बसलेला असतो आणि उद्या गोष्ट गिऱ्हाइकापर्यंत जाते. म्हणून धंद्याचं काम टेबलावर आणायचंच नाही, असा आमचा नियम आहे. लग्नातला फोटो नको, अल्बमचं पान नको. पोळ्याला स्वतःच्या बैलाचा काढला असेल तर तो आणा. पहिले काही महिने ते रिकाम्या हाताने येतील, कारण त्यांच्यापैकी अनेकांनी स्वतःसाठी फोटो काढणं कधीच सोडलेलं असतं. येऊ द्या. बसून ऐकतात आणि मग हळूच एक घेऊन येतात.

व्याख्यानांबद्दल माझं मत थोडं कडक आहे. बाहेरून मोठा पाहुणा आला की सभागृह भरतं, त्याचे सुंदर फोटो पडद्यावर सरकतात, लोक टाळ्या वाजवतात आणि घरी जाऊन आपला कॅमेरा बरा नाही म्हणून हळहळतात. कंपनीकडून येणारे वक्ते फुकट येतात, पण शेवटची वीस मिनिटं विक्रीची असतात. वर्षातून एकदा पाहुणा जरूर आणा, फक्त त्याला आधीच सांगा की वीस फोटो आणा आणि त्यातले निम्मे फसलेले किंवा त्या फोटोच्या आधीचे-नंतरचे असू द्या. जो याला तयार होतो तो शिकवणारा माणूस असतो.

बाकी वर्षभर वक्ते तुमच्या आसपासच आहेत. आमच्याकडे सगळ्यात गाजलेलं सत्र झाडीपट्टीच्या नाटकांत दिवे सांभाळणाऱ्या एका माणसाचं झालं. वडसा-देसाईगंजला या मंडळ्यांचा तळ असतो आणि दिवाळीनंतर गावोगाव प्रयोग लागतात, त्यामुळे पावसाळ्यात तो मोकळा होता. त्याने एक खुर्ची मांडली, आमच्यातल्याच एकाला बसवलं, खोली अंधारी केली आणि हातात एक हॅलोजन घेतला. दिवा खालून धरला की खलनायक, बाजूने धरला की अर्धा चेहरा गेलेला दुःखी नायक, मागून धरला की नुसती केसांची कड. पोर्ट्रेटच्या प्रकाशावर एवढं स्वच्छ मी कुठल्याच कार्यशाळेत ऐकलेलं नाही, आणि मानधन म्हणून त्याने जेवण तेवढं घेतलं.

दुसरं सत्र रोलच्या जमान्यातल्या म्हाताऱ्या स्टुडिओवाल्यांचं ठेवा. प्रत्येक तालुक्यात असा एखादा माणूस आहे. कृष्णधवल निगेटिव्हवर पेन्सिलने रिटचिंग कसं व्हायचं ते त्यांना दाखवायला लावा. निगेटिव्हवर जिथे शिसं चढेल तिथून प्रिंट करताना प्रकाश कमी जातो, म्हणून कागदावर ती जागा उजळ येते. डोळ्याखालची काळी वर्तुळं, मुलीच्या कपाळावरचा व्रण असा पुसला जायचा. टोकदार पेन्सिल, खालून उजेड येणारं तिरकं डेस्क, आणि बारीक-बारीक टिंबं. आज ॲपमध्ये गाल गुळगुळीत करणाऱ्या पोरांनी हे बघितलं की किती रिटचिंग पुरे, यावर आपोआप वाद सुरू होतो. तो होऊ द्या. शिवाय चित्रकलेच्या शिक्षकांना चौकटीबद्दल बोलवा, वनरक्षकाला पायाच्या ठशांबद्दल. सत्र अर्ध्या तासाचं ठेवा आणि उरलेल्या वेळात तेच करून बघा.

आता स्पर्धा, जिथे तुमची खरी कुरबूर आहे. वाघाला नंबर दिला म्हणजे परीक्षक चुकले असं मी म्हणणार नाही. नियमच असे असतील की वाघ जिंकणार, तर परीक्षक काय करतील? ताडोबा 1955 पासून राष्ट्रीय उद्यान आहे, 1995 पासून व्याघ्र प्रकल्प. आज तिथे जायचं म्हणजे जिप्सीचं भाडं, बुकिंग, लांब लेन्स, दोन दिवसांची सवड. ज्याला हे परवडतं त्याचा फोटो आणि शेळ्या चारता चारता फोनवर काढलेला फोटो एकाच रांगेत लावले तर दुसऱ्याला वाईट वाटणारच. निसर्गाचा विभाग वेगळा करा आणि हद्द घाला: फोटो दारव्हा तालुक्यात काढलेला हवा. जिल्ह्याची हद्द पुरणार नाही, टिपेश्वर यवतमाळ जिल्ह्यातच आहे, तिथूनही वाघच येतील. तालुक्याच्या हद्दीत मात्र वावरातले रोही म्हणजे नीलगायी आहेत, विहिरीवरचा खंड्या आहे, तुरीच्या शेंगेवरची अळी आहे, आणि त्यासाठी कोणालाच जिप्सी लागत नाही.

निसर्ग विभागाचे नियम नव्याने शोधू नका. फियाप ही आंतरराष्ट्रीय संघटना, अमेरिकेची पीएसए आणि इंग्लंडची आरपीएस या फोटोग्राफीच्या संस्थांनी निसर्गफोटोची जी समान व्याख्या मान्य केली आहे, तिचा गाभा दोन ओळींत लिहिता येतो. कडा कापून चौकट बदललेली चालेल, पण चित्रातली वस्तू काढणं, घालणं, हलवणं चालणार नाही. आणि फोटोपेक्षा त्या प्राण्याचं भलं आधी. घरट्यावरची फांदी मोडून काढलेला फोटो बाद, कितीही चांगला असो.

गुणांची पद्धतही तपासा. तीन परीक्षक, प्रत्येकी 10 गुण, बेरीज करायची, ही रीत सोपी आहे पण ती बेताच्या फोटोंना वर काढते. एका फोटोला 7, 7, 7 मिळाले तर 21. दुसऱ्याला एकाने 10 दिले, एकाने 7 आणि एकाने नाक मुरडून 3, तर 20. कोणालाच न खटकलेला फोटो जिंकला आणि एका जाणकाराला झोप उडवण्याइतका आवडलेला मागे पडला. आम्ही बेरीज ठेवली, पण प्रत्येक परीक्षकाला स्वतःच्या पसंतीचा एक फोटो निवडायला देतो, गुणांशी संबंध नाही. समारंभात सगळ्यात जास्त चर्चा त्याच तीन फोटोंची होते. तीनपैकी एक परीक्षक तालुक्याबाहेरचा घ्या आणि एक फोटोग्राफर नसलेला. प्रिंटच्या मागे फक्त क्रमांक.

पाहुणे, हार-तुरे, आमदार साहेबांची वाट बघणं यात परीक्षकांना बोलायला पाच मिनिटं उरतात, हा सगळीकडचा अनुभव. त्यावर आमचा तोडगा असा: कार्यक्रम चारला असेल तर परीक्षक दोनला येतात आणि भिंतीवर लावलेल्या प्रत्येक प्रिंटसमोर मिनिटभर थांबून बोलतात. न जिंकलेल्यांसमोरही. ज्यांना नंबर नाही ते दोनला येतात, आणि बरेचसे चारच्या आधी निघून जातात. मला त्यात काही गैर वाटत नाही.

निकाल जाहीर करण्याआधी पहिल्या पाच-सहा जणांकडून मूळ फाइल मागवा. संगणकाकडून बनवून घेतलेली चित्रं आता तालुक्यापर्यंत आली आहेत, तेव्हा नियमपत्रिकेत ती चालणार नाहीत असं स्पष्ट लिहा. फोन आपोआप जे करतो, म्हणजे उजेड-सावली सावरणं वगैरे, त्याला हरकत घेऊ नका, नाहीतर एकही फोनवाला उरणार नाही.

आणखी एक गोष्ट स्टुडिओवाल्यांनाही बहुधा ठाऊक नसते. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, कोणी पैसे देऊन सांगून फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर त्या फोटोचा पहिला हक्क फोटो काढून घेणाऱ्याचा. म्हणजे लग्नातला नवरीचा सुंदर फोटो तुमच्या सभासदाने काढला असला तरी तो स्पर्धेत पाठवण्याआधी त्या कुटुंबाला विचारायला हवं. लेखी विचारलेलं बरं. तसंच प्रायोजकाला 'स्पर्धेतले सर्व फोटो वापरण्याचा अधिकार' असलं कलम घालू देऊ नका. सराफाच्या कॅलेंडरवर आपला फोटो न विचारता छापलेला दिसला की माणूस क्लब सोडतो, आणि त्याचं बरोबरच असतं.

बक्षिसाची रक्कम वाढवायची गरज मला दिसत नाही. मोठ्या रकमेला बाहेरचे स्पर्धक येतात, जिंकतात आणि पुन्हा तोंड दाखवत नाहीत. तेच पैसे निवडलेले वीस फोटो 12 बाय 18 मध्ये छापून फ्रेम करण्यात घाला आणि वाचनालयात किंवा एसटी स्टँडवर, परवानगी घेऊन, महिनाभर लावा. खाली नाव आणि गाव. ज्या बाईचा, ज्या बैलाचा फोटो आहे ती घरची माणसं बघायला येतात, आणि काढणाऱ्याला त्याच्या गावात जी किंमत मिळते ती पाकिटात मावत नाही. ज्यांचे चेहरे ओळखू येतात त्यांना मात्र लावण्याआधी विचारा.

राहिली नोंदणी. 1860 च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासद लागतात, आणि महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्तांकडे 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याचीही नोंद येते. मग दरवर्षी हिशेब तपासून देणं, पदाधिकारी बदलले की बदल अर्ज करणं हे मागे लागतं. अनुदान मिळवायचं असेल किंवा संस्थेच्या नावाने बँकेत खातं हवं असेल तर करावी. आज तुमच्याकडे त्या सात सह्या मिळतील, पण ते सात जण बैठकीला येत नसतील तर बदल अर्ज भरायला तुम्ही एकटेच उराल. वर्षभर प्रिंटचं टेबल चालवून बघा. तोवर महिन्याची छोटी वर्गणी ठेवा, पैसे दोघांच्या जबाबदारीवर ठेवा आणि जमाखर्च दर बैठकीत फळ्यावर लिहून त्याचा फोटो ग्रुपवर टाका.